रायनाच्या मय्यतीला खांदा कोण देणार?

जुन्या अमेरिकी विज्ञानमालिकांचा विषय निघाला की जाणकार मंडळी एक गोष्ट हटकून सांगतात. या मालिकांनी म्हणे माणूस म्हणजे काय, हा प्रश्न घराघरात नेला. अमरत्वाचा हव्यास धरू नये, मरण आहे म्हणूनच जगण्याला मोल आहे, हा धडा त्यांनी दिला. माणसाने माणूस घडवण्याच्या फंदात पडू नये, हेही बजावले. 'ट्वायलाइट झोन' (१९५९ ते १९६४) आणि 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९) या दोन मालिकांच्या नावावर तर हे सारे श्रेय कायमचे लिहून ठेवले आहे.

आमचा या कौतुकाला आक्षेप आहे. मालिका वाईट होत्या, असे आम्ही म्हणत नाही. १९८०च्या दशकात 'स्टार ट्रेक' आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांना त्यातल्या कल्पनेची झेप नाकारता येणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की या कथांमध्ये मरणाचा धडा घेतो एक आणि मरतो दुसराच. अमर होऊ पाहणारा पुरुष शहाणा होतो, पश्चात्ताप करतो, प्रेक्षकांची सहानुभूती मिळवतो. त्याने घडवलेली कृत्रिम बाई मात्र जमिनीवर पडलेली असते आणि तिच्यासाठी कोणी दोन शब्द बोलत नाही. माणुसकीचे पाठ देणाऱ्या कथेत हे व्हावे, याची कोणाला लाज कशी वाटत नाही?

सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. 'स्टार ट्रेक'चा 'रेक्विएम फॉर मेथ्युसेला' हा भाग १४ फेब्रुवारी १९६९ रोजी दाखवला गेला. लेखक जेरोम बिक्सबी. अंतराळयानावर साथ पसरली आहे आणि औषधासाठी कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय एका निर्जन ग्रहावर उतरतात. तिथे फ्लिंट नावाचा एक धनाढ्य गृहस्थ राहतो. त्याच्या भिंतींवर लिओनार्दो दा विंचीची कोणी कधी न पाहिलेली चित्रे आहेत, आणि ती अलीकडे रंगवलेली आहेत. ब्राम्सच्या हस्ताक्षरात एक नवी संगीतरचना आहे. उलगडा असा होतो की हा माणूस ख्रिस्तपूर्व ३८३४ मध्ये मेसोपोटेमियात जन्मलेला एक शिपाई आहे. तो मरत नाही. दा विंची तोच, ब्राम्स तोच, सिकंदर तोच, सुलेमानही तोच! त्याच्याजवळ रायना नावाची एक तरुणी राहते. विद्वान, देखणी, बाहेरचे जग न पाहिलेली. कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग एका बंद खोलीत सापडतात चादरीखाली झाकलेले देह. प्रत्येकावर रायनाचे नाव आणि क्रमांक. आधीच्या फसलेल्या रायना! हयात असलेली रायनाही फ्लिंटने घडवलेलीच आहे. आपल्याबरोबर अनंत काळ राहील, म्हातारी होणार नाही, अशी बायको त्याला हवी होती. तिच्यात भावना जागत नव्हत्या. म्हणून त्याने कर्कला मुद्दाम तिच्याजवळ येऊ दिले. भावना जागवण्याचे काम पाहुण्याने करावे आणि बायको घरधन्याची राहावी, असा हा हिशेब.

यानंतर दोघे पुरुष तिच्यावरून मारामारी करतात. इथे कर्कच्या तोंडी फार चांगले बोल आहेत, हे आम्ही कबूल करतो. ती पूर्ण माणूस आहे, माणसाचा आत्मा स्वतंत्र असतो, तिच्यावर कोणाची मालकी चालणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. पण लगेच पुढे काय म्हणतो? माझ्याबरोबर चल! तिकडे फ्लिंटचे म्हणणे, इथेच राहा. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले ते एवढेच, की दोन घरांपैकी एक घर निवड. तिला कुठे जायचे आहे, काय शिकायचे आहे, एकटे राहायचे आहे का, हा तिसरा प्रश्न त्या दालनात कोणालाच सुचत नाही. आणि निवडण्याचा क्षण आला की रायना कोसळते. तिच्या यंत्रणेला म्हणे तो ताण सोसवला नाही. लेखकाने तिला निवडीचा हक्क दिला आणि तो वापरण्याआधी तिचा जीव घेतला. याला आम्ही शोकांतिका म्हणत नाही. ही लेखकाने काढलेली पळवाट आहे. ती खरोखर बोलली असती आणि दोघांनाही नको म्हणाली असती, तर कथा कुठे जाणार होती?

यावर स्पॉकचा निवाडा ठरलेला आहे. प्रेमाच्या आनंदाने ती माणूस झाली आणि प्रेमाच्या यातनेने मेली. चाहते हा निवाडा आजही डोळे मिटून सांगतात. आमच्या मते तो साफ खोटा आहे. रायनाला प्रेमाने मारले नाही, ओढाताणीने मारले. कपडा दोन बाजूंनी ओढला आणि फाटला, तर आपण कपड्याला हळवा म्हणत नाही.

पुढचे तर याहून बोलके आहे. पृथ्वी सोडल्यामुळे फ्लिंट आता मर्त्य झाला आहे, असे डॉक्टर सांगतात. तो उरलेले आयुष्य मानवजातीच्या भल्यासाठी खर्च करणार, अशीही वार्ता येते. कर्क दुःखाने टेबलावर डोके टेकून झोपतो. त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून स्पॉक आपल्या मानसिक सामर्थ्याने त्याच्या मनातून ती आठवणच पुसून टाकतो. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात ते मैत्रीच्या या दर्शनाने. पण जरा थांबून विचार करा. ज्या बाईला माणूस ठरवण्यासाठी एवढा वाद झाला, तिची आठवणसुद्धा ठेवायची नाही! मय्यत नाही, दफन नाही, निदान स्मरण तरी? तेही नाही. एकाला मानवजातीची सेवा मिळाली, दुसऱ्याला शांत झोप मिळाली. रायनाला काय मिळाले?

हा एकच भाग असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. त्याआधी २० ऑक्टोबर १९६६ रोजी याच मालिकेत रॉबर्ट ब्लॉक यांनी लिहिलेला 'व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?' हा भाग आला होता. त्यात डॉक्टर कोर्बी नावाचा शास्त्रज्ञ एका गोठलेल्या ग्रहाच्या पोटात माणसांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवतो. माणसाचे मन यंत्राच्या देहात घातले की आजार नाही, म्हातारपण नाही, मरण नाही, हे त्याचे तत्त्वज्ञान. त्याच्या दिमतीला कृत्रिम माणसे आहेत. अँड्रिया ही हुकूम पाळणारी सुंदर तरुणी, आणि रक हा राक्षसी देहाचा प्राचीन यंत्रमानव. रकला आपल्या जुन्या मालकांची आठवण येते. ते घाबरले, आपल्याला एकेक करून बंद करू लागले, म्हणून आम्ही त्यांना संपवले, असे तो सांगतो. विज्ञानमालिकेत गुलामाची बाजू गुलामाच्या तोंडून ऐकू येण्याचा हा दुर्मीळ क्षण. पण तो टिकत नाही. रक विरोधात जातो आहे असे दिसताच कोर्बी त्याला शस्त्राने नाहीसा करतो. शेवटी कोर्बी स्वतःच यंत्र असल्याचे उघड होते आणि तो अँड्रियासकट स्वतःला संपवतो. मग कर्क सांगतो की डॉक्टर कोर्बी इथे कधी नव्हताच. वाक्य मोठे अर्थपूर्ण मानले जाते. अँड्रिया आणि रक होते की नव्हते, याविषयी चकार शब्द नाही.

'ट्वायलाइट झोन'मध्ये १३ नोव्हेंबर १९५९ रोजी आलेला रॉड सर्लिंग यांचा 'द लोन्ली' हा भाग या सर्वांत प्रामाणिक आहे. जेम्स कॉरी हा कैदी एका ओसाड लघुग्रहावर पन्नास वर्षांची एकांताची शिक्षा भोगतो आहे. दया येऊन एक कप्तान त्याला अॅलिशिया नावाची यंत्रस्त्री आणून देतो. आधी कॉरी तिला झिडकारतो, ढकलतो. तिच्या डोळ्यांत पाणी दिसते तेव्हा त्याचे मन वळते. अकरा महिने ती त्याची सोबतीण होते. मग सुटकेचा हुकूम येतो. यानात फक्त पंधरा पौंड सामानाची मुभा आहे. अॅलिशिया म्हणजे सामान की माणूस? कॉरी म्हणतो, माणूस. कप्तान तिच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो आणि आतल्या तारा दाखवून वाद मिटवतो. तारा दिसल्या की बाई संपली! सर्लिंग यांना ही क्रूरता कळत होती, हे उघड आहे. तरी तो भाग संपताना आपण चिंता करतो ती कॉरीची. तो आता कसा जगेल? अॅलिशिया शेवटी कॉरीलाच हाक मारीत होती, हे विसरायला प्रेक्षकाला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता अमरत्व आणि कृत्रिम माणूस हे दोन विषय पुन्हा पुन्हा एकत्र का येतात, ते पाहू. याचे उत्तर १८ मार्च १९६०च्या 'लाँग लिव्ह वॉल्टर जेम्सन' या भागात आहे. लेखक चार्ल्स बोमाँट. जेम्सन हा इतिहासाचा प्राध्यापक दोन हजार वर्षांहून अधिक जगला आहे. इतकी वर्षे जगून तो काय करतो? लग्न करतो. बायको म्हातारी झाली की तिला सोडतो आणि दुसरीकडे तरुण मुलीशी पुन्हा लग्न करतो. शेवटी टाकून दिलेली एक म्हातारी बायको येते, त्याला गोळी घालते आणि त्याची माती होते. आम्हाला तो शेवट न्याय्य वाटतो. निदान इथे टाकलेल्या बाईला बोलायला मिळाले, आणि हिशेब तिने स्वतः चुकता केला.

जेम्सन आणि फ्लिंट यांना शेजारी उभे करा. जो मरत नाही त्याची अडचण बायकोचे म्हातारपण ही आहे. जेम्सनने तिच्यावर बायको बदलण्याचा इलाज केला. फ्लिंटने त्यापुढची मजल मारली, आणि न बदलणारी बायको घडवली. कृत्रिम बाई ही अमर पुरुषाची गरज आहे. तिचे वय नाही, माहेर नाही, मागणे नाही. सहा हजार वर्षे जगून, जगातली सारी कला आणि सारी विद्या मिळवून या पुरुषाला हवे होते काय, तर आज्ञाधारक घर. अमरत्वाचा अनर्थ आम्हाला दिसतो तो इथे. जास्त जगल्याने माणूस कंटाळतो, हा त्यातला अगदी किरकोळ भाग आहे.

यावर उत्तर तयार असते, की तो काळच तसा होता. आम्हाला हे मान्य नाही. कृत्रिम माणसाला 'रोबोट' हे नाव कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या 'आर. यू. आर.' या नाटकाने दिले, आणि तो शब्द 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी यावरून आला. कामासाठी घडवलेली माणसे मालकांविरुद्ध उठतात, हेच त्या नाटकाचे कथानक. म्हणजे मजुरीचा आणि मालकीचा प्रश्न या कल्पनेच्या जन्मातच आहे. बिक्सबी यांना हे ठाऊक होते. त्यांनी रायनाला आडनाव दिले ते कपेक, चापेकच्या नावाची आठवण म्हणून. नाव घेतले आणि वेठबिगारी तेवढी बाजूला ठेवली! शिवाय तो काळ म्हणजे तरी कोणता? १९६३ मध्ये बेट्टी फ्रीडन यांनी घरात कोंडलेल्या अमेरिकी बाईची घुसमट पुस्तकातून मांडली होती. कोर्बीची कथा आली त्याच १९६६ मध्ये अमेरिकेत स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रायना कोसळली त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, आयरा लेव्हिन यांनी 'द स्टेपफर्ड वाइव्हज' ही कादंबरी लिहिली आणि आज्ञाधारक यांत्रिक बायको हे नवऱ्यांचे कारस्थान आहे, हे उघड सांगितले. म्हणजे काळाला दिसत होते. या मालिकांच्या लेखकांना पाहायचे नव्हते.

फ्लिंट स्वतःला सुलेमान म्हणवतो, म्हणून आमच्या वाचकांना परिचित असलेल्या एका प्रसंगाची आठवण द्यावीशी वाटते. हजरत सुलेमान यांचे निधन झाले तेव्हा ते काठीला टेकून उभे होते. त्यांच्या हुकमाखाली राबणारे जिन्न कष्ट उपसतच राहिले. मालक हयात नाही हे त्यांना कळलेच नाही. काठी किड्याने कुरतडली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळले. एवढा मोठा बादशहा, आणि मरण त्यालाही चुकले नाही, हा त्यातला बोध सगळेच सांगतात. पण राबणाऱ्यांना काय कळले आणि केव्हा कळले, हेही त्याच प्रसंगात नोंदवलेले आहे. विसाव्या शतकातल्या या मालिकांना तेवढेही सुचू नये?

विज्ञानमालिकांना दुसरी वाट सापडलीच नाही असे मात्र नाही. 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या पिढीतला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये आला. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास. डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याचे तुकडे करून अभ्यास करावा आणि तसे अनेक घडवावेत, असा एका शास्त्रज्ञाचा बेत आहे. डेटा नकार देतो आणि राजीनामा देतो. आधी निर्णय येतो की तो दलाची मालमत्ता आहे, मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. मग रीतसर सुनावणी होते. गायनन नावाची एक काळी स्त्री, ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांनी केली, कप्तान पिकार्डला सुचवते की घाणेरडी कामे करायला कोणाला तरी फुकट वापरून फेकून देणे हे जगात नवे नाही. पिकार्डच्या तोंडी शब्द येतो, गुलामगिरी. न्यायाधीश स्त्री आहे. डेटाला आत्मा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, पण निवड करण्याचा हक्क त्याला आहे, एवढे ती ठरवते. आमच्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोठा विचार हाच. आत्म्याचा दाखला मागू नका. नकार ऐकून घ्या.

पण हा नकार ऐकला जायला रायनापासून वीस वर्षे लागली, आणि तो ऐकला गेला वर्दीतल्या, पुरुषाच्या रूपातल्या यंत्राचा. त्याच सुमारास अमेरिकेत 'स्मॉल वंडर' (१९८५ ते १९८९) चालू होती. आपल्याकडे ती हिंदीतून पोहोचली, आणि २००३ मध्ये तिच्यावर बेतलेली 'करिश्मा का करिश्मा' आली. यंत्राची मुलगी, राहते कपाटात, घरातली कामे करते, सांगितले तेवढे ऐकते. शेजाऱ्यांना सांगायचे की मुलगी आमचीच. मागून हास्याची फीत वाजते. ज्या देशात चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी घालावी लागली, त्या देशात आपण सहकुटुंब हे पाहून हसलो. असे हसण्याची सवय लागली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपणारी खरीखुरी पोर दिसेनाशी होते. करमणुकीचा हा परिणाम आम्ही हलका मानत नाही.

आणि मग पडद्यावरची गोष्ट प्रत्यक्षात उतरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये रियाधच्या एका गुंतवणूक परिषदेत सोफिया नावाच्या स्त्रीरूपातल्या रोबोटला सौदी अरेबियाने नागरिकत्व जाहीर केले. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी त्याच देशातल्या बाईला मोटार चालवण्याची मुभा नव्हती. ती जून २०१८ मध्ये मिळाली. आणि रत्नागिरी-रायगडातल्या आमच्या घराघरांतून जे बाप, भाऊ, चाचा आखाती देशांत गेले, उन्हात इमारती चढवल्या, त्यांच्या नावाचे काय? उमेद कफीलच्या हाती, अनेकांचा पासपोर्ट त्याच्या कपाटात. पंचवीस-तीस वर्षे राबून परतताना हाती सामान, आणि तेही मोजून मापून! नागरिकत्वाचा विषयही कोणी काढला नाही. मार्च २०२१ मध्ये सौदीत नोकरी बदलण्याचे नियम थोडे सैल झाले, तर त्यातून घरकामगारांना वगळले. यंत्राच्या बाईला नागरिकत्व आणि घरात राबणाऱ्या हाडामांसाच्या बाईला वगळणूक. फ्लिंटच्या दालनात आणि रियाधच्या त्या मंचावर आम्हाला एकच गोष्ट दिसते. मालकाला कौतुक आहे ते आपण घडवलेल्या बाहुलीचे.

आज बोलणारी यंत्रे घराघरात पोहोचली आहेत. यंत्र माणूस होईल का, यावर परिसंवाद झडतात, आणि श्रीमंत मंडळी आयुष्य लांबवण्याच्या प्रयोगांवर पैसा ओततात. पण यंत्राने घाण बोलू नये म्हणून जगभरची घाण वाचून तिच्यावर खुणा करण्याचे काम केनियातल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीत केले, हे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये छापले, ते किती परिसंवादांत आले? चापेकने शंभर वर्षांपूर्वी वापरलेला शब्द आजही तोच अर्थ सांगतो आहे. कृत्रिम माणसाच्या मागे कुठे तरी खऱ्या माणसाची वेठबिगारी असते.

म्हणून या मालिकांची नुसती आरती ओवाळणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. माणूस म्हणजे काय, हा प्रश्न रायनाला, अँड्रियाला, अॅलिशियाला विचारून झाला. तिला रडू येते का, तिला प्रेम कळते का, तिच्या आत तारा आहेत का. आता तो फ्लिंटला, कोर्बीला आणि त्या बंदूकधारी कप्तानाला विचारा. ज्याने दुसऱ्याला हुकमासाठी घडवले, वापरले आणि पाळी आली तेव्हा सामान ठरवले, त्याच्यात माणूसपण किती उरले, याची परीक्षा घ्या. आणि आमच्यातले जे लिहिते आहेत, त्यांनी एकदा त्या बंद खोलीतल्या चादरी बाजूला कराव्यात. क्रमांक पुसावेत, नावे लिहावीत. कर्कला विसरायचे असेल तर खुशाल विसरू दे. आम्ही विसरणार नाही.